बाईंनी दुरुस्त केलेलं वाक्य

आमच्या संस्थेत बाकीच्या सगळ्या शिक्षिका मॅडम होत्या. आम्हा जुन्या लोकांच्या तोंडी बाई मात्र एकच. त्या संध्याकाळच्या वर्गाला इंग्रजी शिकवायच्या आणि मी शेजारच्या खोलीत टायपिंग. खाली टायरचं दुकान, वर आमच्या तीन खोल्या, आणि आम्हा दोघांच्या खोल्यांमध्ये प्लायवूडची भिंत, तीही छतापर्यंत न पोचलेली. त्यामुळे इतकी वर्षं बाईंचं इंग्रजी माझ्या कानावर पडत आलं की झोपेतून उठवून विचारलं तरी मी क्रियापदांची तिन्ही रूपं धडाधड म्हणून दाखवीन. बोलायला मात्र मला एक वाक्य येत नाही. बाईंच्या बहुतेक विद्यार्थ्यांचंही हेच होतं.

बाई अंगानं किरकोळ, पण आवाज असा खणखणीत की खालचा टायरवाला म्हणायचा, "तुमच्या बाईंनी माझ्या पोरांना पण भूतकाळ शिकवला." फळ्यावर त्यांची वाक्यं वर्षानुवर्षं तीच. मांजर टेबलाखाली आहे. माझे काका उद्या येतील. ते काका कधीच आले नाहीत आणि ते मांजर कधी टेबलाखालून बाहेर निघालं नाही, पण वाक्यात काना-मात्रेची चूक सापडायची नाही. चुकीचं वाक्य बाईंना सोसायचंच नाही. एकदा आजारी पडून दवाखान्यात होत्या, हाताला सलाईन, आणि तशाही त्यांनी भिंतीवरच्या इंग्रजी पाटीतली चूक नर्सला दाखवली. वर्गात कुणी चुकलं की त्यांचं बोट वर जायचं. ओरडणं नाही, रागावणं नाही. नुसतं बोट वर, आणि बरोबर रूप.

शिकायला येणारे बहुतेक बाहेरच्या देशात कामाला जाऊ पाहणारे. नर्स, वेल्डर, हॉटेलात काउंटरवर उभी राहणारी मुलगी, असे. लेखी परीक्षेत ते वर यायचे आणि मुलाखतीला गेले की तोंडाला कुलूप. मग संस्थेत नवे संचालक आले. वयानं बाईंच्या भाच्याएवढे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी बाईंना बोलावून घेतलं.

"मॅडम, तुमची मुलं पेपरात पहिली येतात आणि मुलाखतीत मुकी होतात. आपण वर्ग उलटा करू या. तुमचं जे काही समजावून सांगणं आहे ते व्हिडिओत. विद्यार्थ्यांनी ते घरी बघायचं, हवं तितक्या वेळा. वर्गात आले की फक्त बोलायचं."

"आणि मी वर्गात काय करू?"

"ऐकायचं."

बाई तिथून उठून थेट माझ्याकडे आल्या आणि टाइपरायटरच्या खुर्चीवर बसल्या. "मला गप्प बसायचा पगार देणार आहेत," एवढंच म्हणाल्या.

पण बाई हुकूम पाळणाऱ्या होत्या. घरी स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याला मोबाईल टेकवून त्यांचे व्हिडिओ सुरू झाले. त्यांचे मिस्टर चष्म्याच्या दुकानात कामाला. तपशील बारकाईनं बघायची सवय, त्यामुळे चित्रीकरणाचं काम त्यांच्याकडे आलं. कधी कुकरची शिट्टी व्हायची, कधी शेजारचं कुत्रं भुंकायचं, आणि बाई पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. त्यातला एक धडा भूतकाळातही न बदलणाऱ्या क्रियापदांचा होता. कट, पुट, शट, हिट. प्रत्येकाला हाताची एक खूण. कापल्यासारखं, ठेवल्यासारखं, दार लावल्यासारखं, आणि हिटला मुठीनं तळहातावर ठोसा. मिस्टर मोबाईलमागे उभं राहून म्हणाले, "अगं, काल आणि आज एकच रूप, मग माणसाला कळायचं कसं हे कधी झालं ते?" बाई म्हणाल्या, "अहो, हसू नका, फोन हलतोय."

वर्गात बाक काढून खुर्च्या गोल मांडल्या गेल्या. पहिले काही दिवस भिंतीपलीकडून मला नुसता पंख्याचा आवाज यायचा. बाईंना ती शांतता असह्य व्हायची, हे मला न बघताही कळायचं. मग एक दिवस नर्सनं तोंड उघडलं, तिच्यामागून वेल्डर, आणि हळूहळू पलीकडे बाजार भरायला लागला. व्याकरणाचा पार चेंदामेंदा, पण लोक बोलत होते. संचालक दारातून डोकावून खूश होऊन जायचे. बाईंचं बोट मात्र चालूच. वाक्याला वाक्य, बोटाला बोट.

त्या वर्गात एक दुधाच्या टँकरचा ड्रायव्हर होता. सगळे त्याला टँकरदादा म्हणत. पन्नाशीकडे झुकलेला, आडवा देह, आणि बसायचा नेमका दाराजवळच्या सगळ्यात लहान खुर्चीत. कधी उशिरा आला नाही. बाईंचा प्रत्येक व्हिडिओ बघून यायचा. पण बोलायची पाळी आली की "नेक्स्ट टाइम, मॅडम" म्हणून मान खाली घालायचा. बाई म्हणायच्या, "हा माणूस ट्रक चालवेल परदेशात, पण रस्ता कुणाला विचारणार?"

त्या दिवशी बाईंनी विषय दिला होता, रस्त्यात घडलेली एक गोष्ट. नर्सनं सांगितलं की तिची चप्पल भर चौकात तुटली आणि ती एका पायानं लंगडत ड्यूटीला गेली. सगळे हसले. वेल्डरनं सांगितलं की त्यानं परक्याच बाईला आपली बहीण समजून हाक मारली. पुन्हा हसणं. माझ्याकडेही दोघी मुली टाइप करता करता हसल्या. मग पलीकडून एक जाड, अडखळणारा आवाज आला, आणि मी ओळखलं की टँकरदादा बोलतोय.

"मॉर्निंग. मच फॉग. आय ड्राइव्ह टँकर."

"ड्रोव्ह," बाई म्हणाल्या.

"आय ड्रोव्ह टँकर. वन मॅन. सायकल. आय हिट द मॅन."

"गुड."

बाई गुड म्हणाल्या. का, तर दहातले नऊ जण तिथे 'हिटेड' म्हणतात आणि हा म्हणाला नव्हता.

"आय नॉट स्टॉप्ड."

"आय डिड नॉट स्टॉप."

"आय डिड नॉट स्टॉप," तो म्हणाला. मग परत एकदा, सावकाश, एकेक शब्द सुटा करून. "आय डिड नॉट स्टॉप, मॅडम."

माझ्याकडची टाइपरायटरं थांबली होती. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण एवढं कळायला बोलता यावं लागत नाही. हॉटेलातली मुलगी मला पुढे म्हणाली की बाईंचं बोट तसंच हवेत राहिलं होतं आणि ते खाली घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं.

मग नर्सनं विचारलं, "ही डाय?"

हे वाक्य कुणीच दुरुस्त केलं नाही.

"आय डोन्ट नो," टँकरदादा म्हणाला.

वर्ग सुटला तसे सगळे एकमेकांकडे न बघता जिना उतरले. बाई माझ्या खोलीत आल्या. खडूनं पांढरे झालेले हात त्यांनी पदराला पुसले, परत पुसले.

"मी गुड म्हणाले," त्या म्हणाल्या.

"तुम्ही व्याकरणाला म्हणालात."

"माणूस सांगतोय मी एकाला उडवलं आणि मी म्हणतेय गुड. इतकी वर्षं मी काय ऐकत होते हो?"

मी त्यांना पाणी दिलं.

आम्ही खाली उतरलो तर तो टायरच्या दुकानापाशी उभा. मला बघून जरा बिचकला, पण बाई म्हणाल्या, "यांनीही ऐकलंय. बोला."

तो आपल्या भाषेत बोलायला लागला आणि मला त्याचा आवाजच वेगळा वाटला, एकदम लहान. "मॅडम, तुमच्या वर्गाला त्रास दिला. माफ करा."

"किती वर्षं झाली याला?"

"धाकटी मुलगी पाळण्यात होती. आता ती कॉलेजात जाते."

"घरी माहीत आहे?"

त्यानं नकारार्थी मान हलवली. "कितीदा सांगायला बसलो. 'मी' एवढं म्हटलं की पुढे सरकतच नाही. तुमच्या त्या भाषेत माझं कुणीच नाही ना. आई नाही, बायको नाही, तिच्यात मी कधी भांडलो नाही, कधी रडलो नाही. म्हणून निघालं तोंडातून." मग तो खाली बघत म्हणाला, "मला पोलिसांत जायचंय. एकट्यानं होणार नाही. तुम्ही येता का?"

बाईंनी त्याला उद्या सांगते म्हटलं आणि घरी गेल्या. मिस्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी जेवणाचं ताट बाजूला सारलं, मग म्हणाले, "तू इंग्रजी शिकवायला जातेस की लोकांची पापं गोळा करायला?" आणि थोड्या वेळानं, "सकाळी निघताना मला सांग. मी पण येतो."

संचालकांच्या कानावर गोष्ट गेलीच. ते धावत आले. "मॅडम, वर्गातली गोष्ट वर्गात राहू द्या. त्यानं उदाहरण म्हणून काहीतरी बनवून सांगितलं असेल. संस्थेचं नाव उगाच कशाला?"

"तुम्हीच म्हणालात ना, त्यांना बोलू द्या."

"बोलू द्या म्हणजे... असं नव्हे."

"मग कसं?" बाईंनी विचारलं. त्या खरोखरच विचारत होत्या. संचालक घड्याळ बघत बाहेर गेले.

पोलीस चौकीतली हकीकत मला मिस्टरांनी सांगितली, कारण बाईंना ती सांगवेना. चौकी म्हणजे एक लांबट खोली, एका कोपऱ्यात जप्त केलेल्या मोटरसायकली, भिंतीवर बंद पडलेलं घड्याळ. अधिकारी पेंगुळलेला होता. टँकरदादा समोर बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर. "मी," म्हणाला, आणि थांबला. परत "मी." अधिकारी म्हणाला, "अहो, तुम्ही काय? पाकीट हरवलं? बायको गेली? काय ते बोला, माझ्या मागे कामं आहेत."

तेव्हा तो खुर्चीतच बाईंकडे वळला आणि इंग्रजीत बोलला. तीच वाक्यं, त्याच क्रमानं, आता एकही चूक नाही. धुकं होतं. मी टँकर चालवत होतो. सायकलवर एक माणूस होता.

अधिकाऱ्यानं बाईंकडे बघितलं. "काय म्हणतोय हा?"

बाईंनी जन्मभर इंग्रजीचं आपल्या भाषेत भाषांतर करून दाखवलं होतं. मांजराचं, काकांचं. आताही सवयीनं त्यांनी जसंच्या तसं भाषांतर केलं, कर्ता न बदलता. "मी एका माणसाला धडक दिली. मी थांबले नाही."

अधिकारी ताडकन सरळ बसला. "कोण? तुम्ही?"

"हे म्हणतायत," मिस्टर मधे पडून म्हणाले. "हिनं फक्त सांगितलं."

पण बाईंचा चेहरा असा पांढराफटक पडला होता की अधिकाऱ्याला बराच वेळ ते पटेना. "मला वाटलं तिचं हृदयच बंद पडतंय," मिस्टर म्हणाले. "घरी आल्यावर म्हणते, अहो, मी थांबलो म्हणायला हवं होतं, मी थांबले म्हटलं. चूक झाली."

मग जुने कागद शोधणं सुरू झालं. या चौकीतून त्या चौकीत, तिथून परत इथे. टँकरदादाला रोज बोलावून बसवून ठेवत आणि तो रोज जाऊन बसत असे. शेवटी कागद सापडला. त्या रस्त्यावर, त्या हिवाळ्यात, एक सायकलस्वार. बेकरीत कामाला. सकाळचे पाव पोचवायला निघाला होता. अधिकाऱ्यानं बातमीपत्र वाचावं तसं वाचून दाखवलं. कडेच्या खड्ड्यात पडलेला. ऊन वर आल्यावर एका शेतावरच्या बाईला दिसला. तेव्हा जिवंत होता. दवाखान्यात गेला.

"गेला म्हणजे?" टँकरदादानं विचारलं.

"म्हणजे वारला."

इतकी वर्षं त्यानं स्वतःची एक समजूत घालून ठेवली होती. माणूस उठला असेल, कपडे झटकले असतील, दोन शिव्या हासडल्या असतील आणि सायकल ढकलत गेला असेल. ती समजूत त्या खोलीत एका शब्दात गेली. तो खुर्चीतून घसरून फरशीवर बसला. रडला नाही. दोघा हवालदारांना त्याला उचलावं लागलं आणि त्याच दिवशी त्याला आत ठेवून घेतलं.

त्याची बायको संस्थेत आली ती त्यानंतरच्या आठवड्यात. मी तिला आधी नव्या प्रवेशासाठी आलेली समजलो आणि फी सांगायला लागलो. तिनं मला मधेच थांबवलं. "इंग्रजीच्या बाई कुठल्या?"

माझ्या खोलीत बसलेल्या बाई उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता ही अंगावर धावून जाईल. ती समोरच्या खुर्चीत बसली आणि बाईंना बसा म्हणाली.

"ताई, मला फक्त एक सांगा. त्यांनी नक्की काय म्हटलं? तुमच्या वर्गात. शब्दन् शब्द सांगा."

बाईंनी सांगितलं. आधी इंग्रजीत, मग आपल्या भाषेत. बायको मान हलवत राहिली.

"हिट," ती म्हणाली. "हे मला माहीत आहे. हिट, हिट. रोज जेवण झालं की हे ओट्याशी मोबाईल लावून बसायचे. तुमचा तो हाताचा ठोसा. पुन्हा मागे न्यायचे, पुन्हा लावायचे. टुडे आय हिट, यस्टरडे आय हिट. मी भांडी घासता घासता ऐकायचे. मुलगी हसायची, म्हणायची, बाबा एकाच शब्दावर अडकलेत. मीही हसले. म्हटलं, वय झालंय, पाठ होत नसेल."

बाईंनी टेबलाची कड धरली.

"माझ्या पाठीमागे बसून सांगत होते हो ते," बायको म्हणाली. "रोज. आणि मी म्हणत होते, आवाज जरा कमी करा."

खाली टायरवाल्याचा हवेचा पंप सुरू झाला आणि बंद झाला. मग तिनं डोळे कोरडेच ठेवून विचारलं, "अनोळखी माणसांसमोर बोलले. मला का नाही? मी काय केलं असतं?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांत हे तीन शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले.

"मलाही माहीत नाही," बायको म्हणाली, "तेच तर." आणि पिशवी उचलून गेली.

खटला उभा राहिला तेव्हा बाई आणि मी दोघंही गेलो. आतमध्ये गर्दी नव्हती. मेलेल्या माणसाकडून फक्त त्याची मोठी बहीण आली होती. आईवडील केव्हाच गेले होते. केस पांढरे, हातात घडी केलेली छत्री, चेहऱ्यावर काही नाही. न्यायाधीशांनी टँकरदादाला विचारलं, तुम्हाला काही सांगायचंय का. बाई पुढे सरकून बसल्या. त्यांना वाटलं असावं, पुन्हा आपल्याला उठावं लागणार.

पण तो त्यांच्याकडे वळला नाही. कठड्याला धरून उभा राहिला आणि आपल्या भाषेत बोलला. सगळं. धुकं, टँकर, सायकल. "मी" म्हणताना दोनदा अडखळला, पण गेला पुढे.

न्यायाधीशांनी बहिणीला विचारलं, तुम्हाला काही म्हणायचंय? ती सावकाश उठली. मला वाटलं, शाप देईल. बाईंनी माझा हात घट्ट धरला.

"मला एकच विचारायचंय यांना," ती म्हणाली. "तो पडला तेव्हा काही म्हणाला का? हाक मारली का कुणाला? दवाखान्यात आम्ही पोचेपर्यंत बोलणं बंद झालं होतं."

टँकरदादानं तिच्याकडे बघितलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मी थांबलो नाही."

बहिणीनं मान डोलावली, जणू पत्ता विचारला होता आणि पत्ता चुकीचा निघाला, आणि ती खाली बसली. तिनं छत्री उघडायला सुरुवात केली, तिथे, छपराखाली. मग लक्षात आल्यावर बंद केली.

त्याला शिक्षा झाली. आपणहून आला म्हणून थोडी कमी झाली, असं वकील म्हणाला. परदेशाची नोकरी अर्थातच गेली. बायको महिन्यातून एकदा त्याला भेटायला जाते. तिथे ते दोघं काय बोलतात, बोलतात की नाही, हे मला ठाऊक नाही आणि बाईंनीही कधी विचारलं नाही.

बाईंनी मधे रजा घेतली. संचालकांना वाटलं, आता काही परत येत नाहीत. आल्या. वर्ग अजून उलटाच आहे. धडा घरी, बोलणं इथे. त्यातूनच नर्स परदेशी नोकरीला लागली, वेल्डरही मुलाखतीत पास झाला, आणि नवीन लोक आले. संचालक कुणाला ना कुणाला वर्ग दाखवायला आणतात.

परवा वर्ग संपल्यावर बाई माझ्याकडे आल्या. त्या दिवशी एका नव्या मुलीनं आपल्या आजोबांविषयी काहीतरी सांगितलं होतं. साधंच होतं, मी ऐकलं होतं भिंतीवरून. तरी बाई बसल्या त्या गळून गेल्यासारख्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. तिच्या आजोबांनी झाड लावलं होतं, एवढंच," त्या म्हणाल्या. "पण ती 'माय ग्रँडफादर' म्हणाली आणि श्वास घ्यायला थांबली ना, तेवढ्यात मला वाटलं, आता ही काय सांगणार. अजून वाटतं. कुणीही तोंड उघडलं की वाटतं."

मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी ते निम्मं प्यायलं आणि पुढच्या तुकडीला आत बोलवायला उठल्या.